अर्ध्यावर थांबलेली कादंबरी

फँटसी वाचताना मी निम्म्यावर थांबते. फोनच्या खालच्या कोपऱ्यात ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसला की पुस्तक बंद करायचं, नोट्स उघडायच्या आणि पुढे काय होणार ते चार-पाच ओळींत लिहून ठेवायचं. म्हातारा गुरू मरणार. दासी म्हणून वावरणारी बाई दासी नाही. पहिल्या प्रकरणात तळ्यात पडलेली तलवार शेवटच्या लढाईत वर येणार. मग उरलेलं पुस्तक वाचायचं. ही सवय बहुधा कामातून आलेली आहे. दुसऱ्याचा कोड वाचतानाही वरच्या वीस ओळींवरून खालच्या वीस ओळींत काय असेल, ते ओळखावंच लागतं.

माझ्या वयाच्या बऱ्याच वाचकांना हा खेळ इंग्रजी फँटसीसोबत आला असं वाटतं. त्याला कारणही आहे. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं. २०१९ मध्ये टीव्हीवरची गोष्ट संपलीसुद्धा, पण सहाव्या पुस्तकाची वाट बघणं काही संपलं नाही. इतक्या वर्षांत वाचकांनी अंदाजांचे डोंगर रचले. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, तेव्हा त्याची 'व्हील ऑफ टाइम' ही प्रचंड मालिका अपुरी होती. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकानं त्याच्या टिपणांवरून आणखी तीन खंड लिहिले आणि २०१३ मध्ये मालिका पूर्ण केली.

पण अद्भुत गोष्ट अर्ध्यावर थांबली तर पुढे काय, हा प्रश्न आपल्याकडे साधारण तेराशे वर्षं जुना आहे. ज्या पुस्तकाबाबत तो पडला, त्याचं नाव आपण रोज घेतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. ते पुस्तक म्हणजे 'कादंबरी'.

बापाची गोष्ट, मुलाचा अंदाज

इंग्रजीतल्या 'नॉव्हेल'ला मराठीत आपण कादंबरी म्हणतो. कन्नडमध्येही तोच शब्द आहे. तो आला बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेवरून. बाणभट्ट सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या दरबारी होता आणि 'कादंबरी' हे त्याच्या नायिकेचं नाव. म्हणजे आपण रोजच्या संसाराचं चित्रण करणाऱ्या पुस्तकालासुद्धा ज्या नावानं ओळखतो, ते नाव शाप, पुनर्जन्म, गंधर्व आणि बोलणारा पोपट असलेल्या एका फँटसीचं आहे.

गोष्ट अशी सुरू होते. विदिशा नगरीत शूद्रक नावाचा राजा आहे. एके दिवशी एक चांडालकन्या दरबारात येते. तिच्यासोबत पिंजऱ्यात एक पोपट असतो, त्याचं नाव वैशंपायन. पोपट उजवा पाय उचलून राजाला आशीर्वाद देतो आणि मग आपली कहाणी सांगू लागतो. विंध्याच्या रानात तो जन्मला, शिकाऱ्यांनी त्याच्या बापाला मारलं, एका ऋषिकुमारानं त्याला उचलून जाबाली ऋषींच्या आश्रमात नेलं. जाबालींनी पिल्लाकडे पाहिलं आणि म्हणाले की हा आपल्याच उद्धटपणाचं फळ भोगतो आहे. तिथून जाबाली पोपटाच्या आधीच्या जन्माची गोष्ट सांगू लागतात. ती उज्जयिनीची आहे. राजपुत्र चंद्रापीड, त्याचा जिवलग मित्र असलेला प्रधानपुत्र, अच्छोद सरोवराकाठी तपश्चर्या करणारी महाश्वेता, तिचा मिलनाआधीच मेलेला प्रियकर पुंडरीक आणि महाश्वेतेची मैत्रीण कादंबरी. चंद्रापीड आणि कादंबरी प्रेमात पडतात. बापाचं पत्र येतं म्हणून चंद्रापीड उज्जयिनीला परततो. मागून पत्रलेखा येते आणि कादंबरीची विरहावस्था त्याला सांगू लागते. कादंबरी काय म्हणाली, हे पत्रलेखा सांगते आहे, आणि तिथे बोलण्याच्या मध्येच बाणभट्टाचा मजकूर संपतो.

बाण वारला होता. गोष्टीच्या आत गोष्ट, तिच्या आत गोष्ट असे तीन-चार पडदे उघडलेले होते आणि एकही मिटलेला नव्हता.

पुढचा भाग त्याच्या मुलानं लिहिला. त्याचं नाव भूषणभट्ट. काही ठिकाणी पुलिंद असंही येतं. सुरुवातीलाच तो सांगतो की वडिलांच्या वाणीबरोबर कथेचा ओघही तुटला, त्याचं रसिकांना दुःख होतं, म्हणून मी हे लिहितो आहे. कवित्वाच्या गर्वानं नाही. सँडरसनपाशी जॉर्डनची टिपणं होती. या मुलापाशी टिपणं असल्याचा उल्लेख नाही. होता तो फक्त बापानं लिहिलेला मजकूर.

मग त्यानं काय केलं असेल? एक वाचक म्हणून हा मजकूर माझ्यासमोर असता तर मी आधी नावं पाहिली असती. पोपटाचं नाव वैशंपायन. उज्जयिनीच्या प्रधानपुत्राचं नावही वैशंपायन. प्रधानाचं नाव शुकनास, म्हणजे पोपटासारख्या नाकाचा. आणि जाबाली सांगून चुकलेत की हा आपल्याच उद्धटपणाचं फळ भोगतो आहे. तीन खुणा आणि तिन्ही एकाच दिशेनं बोट दाखवतात. प्रधानपुत्राच्या हातून काहीतरी अविवेक घडणार आणि त्याचा पोपट होणार.

मुलानं नेमकं तेच केलं. वैशंपायन महाश्वेतेला पाहून भान हरपतो, नको इतकी लगट करतो, आणि ती त्याला पोपट होण्याचा शाप देते. पुढे कळतं की वैशंपायन हा तिच्या पुंडरीकाचाच दुसरा जन्म होता. ज्याच्यासाठी ती तप करत होती, त्यालाच तिनं शाप दिला. मित्र गेल्याचं ऐकून चंद्रापीड छाती फुटून मरतो.

नावावरून पुढचं ओळखण्याची ही युक्ती आजही चालते. हॅरी पॉटरचं सहावं पुस्तक २००५ मध्ये आलं आणि त्यात 'आर. ए. बी.' अशी सही करणारा एक अज्ञात माणूस होता. हा 'ब्लॅक' घराण्यातला असणार, असा अंदाज लोकांनी बांधला. डच भाषांतरात त्या घराण्याचं आडनाव बदललेलं होतं आणि तिथे सहीतलं शेवटचं अक्षरही त्याच आडनावाप्रमाणे बदललं होतं. सातवं पुस्तक येण्याआधीच भाषांतरानं गुपित फोडलं. बाणाच्या मुलानं वापरलेला पुरावा याच जातीचा होता.

पण खुणांवरून सगळंच काही मिळत नाही. शूद्रक राजा कोण? चांडालकन्या कोण? इथे मुलाला उडी मारावी लागली. त्याच्या उत्तरात पोपटाची गोष्ट ऐकत सिंहासनावर बसलेला शूद्रक हाच चंद्रापीड असतो. आपल्याच गतजन्माची गोष्ट तो दुसऱ्याची म्हणून ऐकत होता. चांडालकन्या ही पुंडरीकाची आई, प्रत्यक्ष लक्ष्मी. राजाला आठवण येते, त्याचा तो देह सुटतो आणि तिकडे जपून ठेवलेला चंद्रापीड डोळे उघडतो. बाणाच्या मनात हेच होतं का, हे सिद्ध करण्याचा मार्ग आज कुणापाशीच नाही. पण तेराशे वर्षं वाचकांनी हा शेवट या गोष्टीचा म्हणून मान्य केला आहे.

पैठणचा सातवा हिस्सा

बाणाच्या गोष्टीचं मूळ महाराष्ट्राशी जोडलं जातं. 'बृहत्कथा' हा गुणाढ्याचा ग्रंथ पैशाची भाषेत होता असं परंपरा सांगते. तो आज उपलब्ध नाही, पण त्याच्यावरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं संस्कृतात रचलेला 'कथासरित्सागर' उपलब्ध आहे. त्यात सुमनस राजाची गोष्ट येते. तिथेही राजा आहे, निषादकन्या आहे, पोपट आहे. मात्र कोण कोणाचा पुनर्जन्म, ही वाटणी 'कादंबरी'पेक्षा वेगळी आहे. म्हणजे मूळ गोष्ट ठाऊक असलेल्यालाही बाणाच्या गोष्टीचा शेवट आयता मिळाला नसता.

गुणाढ्याची आख्यायिकाही 'कथासरित्सागर'च सांगतो. तो प्रतिष्ठानच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी होता. एका पैजेत हरला म्हणून संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून रानात गेला. तिथे त्यानं पैशाचीत सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्तानं लिहिली. शिष्यांनी ती राजाकडे नेली. पिशाच्चांची भाषा आणि रक्ताची शाई बघून राजानं ती झिडकारली. मग गुणाढ्यानं अग्निकुंड पेटवलं. रानातल्या पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवायचं आणि ते आगीत टाकायचं. जनावरं चरणं सोडून रडत ऐकत बसली. राजाच्या ताटातलं मांस वाळकं येऊ लागलं, तेव्हा चौकशी होऊन राजा रानात पोहोचला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरलेला एक लाख त्यानं मागून घेतला.

म्हणजे आपल्या फँटसीच्या मूळ ग्रंथाची कहाणीच सांगते की माणसांच्या वाट्याला आलं ते सातातलं एक. बाकीचं फक्त हरणांनी आणि रानडुकरांनी ऐकलं.

याच आख्यायिकेत अंदाज बांधणाऱ्या वाचकाचं सर्वांत जुनं हत्यारही आहे. ते म्हणजे शाप आणि उःशाप. शंकरानं पार्वतीला सांगितलेली गोष्ट पुष्पदंत चोरून ऐकतो. पार्वती त्याला मनुष्यजन्माचा शाप देते, त्याच्यासाठी रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही देते. मग उःशाप येतो. काणभूती नावाच्या पिशाच्चाला भेटून गोष्ट सांगितलीस की पुष्पदंत सुटेल. ती काणभूतीकडून ऐकून जगात पसरवलीस की माल्यवान सुटेल. हा माल्यवानच पुढे गुणाढ्य म्हणून जन्मला. पहिल्याच प्रकरणात वाचकाला शेवटाच्या अटी कळतात. उःशाप म्हणजे लेखकानं वाचकाशी केलेला लेखी करार. शाकुंतलात दुर्वासाचा शाप ओळखीची खूण पाहिल्यावर सुटणार असतो, त्यामुळे अंगठी पाण्यात पडली तरी ती सापडणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. प्रश्न फक्त कशी आणि केव्हा एवढाच उरतो.

नाट्यशास्त्रात याची मांडणीच आहे. कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. मधली प्राप्त्याशा, म्हणजे फळ मिळेल अशी आशा दिसते पण खात्री नाही. चौथी नियताप्ती, म्हणजे आता मिळणार हे नक्की, फक्त मिळायचं बाकी. माझ्या फोनवरचा ५० टक्क्यांचा टप्पा म्हणजे ही प्राप्त्याशा. अंदाजाला काही अर्थ असतो तो तिथेच. नियताप्तीनंतर अंदाज करणं म्हणजे चौथ्या दिवशी चहापानानंतर कसोटीचा निकाल सांगणं.

उत्तर आलं तर पहिल्यापासून

'कथासरित्सागरा'तच वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० मध्ये छापली गेली. त्याआधी १८१४ मध्ये 'सिंहासन बत्तिशी' निघाली होती. म्हणजे मराठी छपाईच्या अगदी आरंभीच हा अद्भुताचा माल छापखान्यात गेला.

वेताळाचे नियम सगळ्यांना माहीत आहेत, तरी एकदा नीट बघू. राजा प्रेत खांद्यावर टाकून निघाला आहे. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटच्या वळणावर थांबून विचारतो: आता सांग, हिचा खरा नवरा कोण? या तिघांत सर्वांत थोर कोण? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन.

म्हणजे उत्तर बरोबर आलं की बक्षीस काय, तर सगळं पहिल्यापासून. राजा हुशार आहे म्हणूनच प्रवास लांबतो. शेवटी वेताळ विचारतो: बापानं मुलीशी लग्न केलं आणि मुलानं तिच्या आईशी, तर त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही. तो खरोखरच गप्प राहतो. आणि तिथे गोष्टी संपतात.

यानंतर वेताळ जे करतो ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तो राजाला त्याच्या स्वतःच्या गोष्टीचा शेवट सांगतो. ज्या भिक्षूसाठी तू हे प्रेत नेतो आहेस, तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि तू वाकलास की तुझा बळी देईल. तेव्हा म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तू करून दाखव. तो वाकला की त्याचं डोकं उडव. राजा तसंच करतो आणि वाचतो. पुन्हा पुन्हा दुसऱ्यांच्या गोष्टींची उत्तरं देणाऱ्या माणसाला शेवटच्या वेळी स्वतःच्या गोष्टीचा शेवट आधी कळतो, आणि तो ती गोष्ट बदलतो. आज ज्याला आपण स्पॉयलर म्हणून शिव्या देतो, त्यानं इथे एकाचा जीव वाचवला.

सगळं ठरलेलं असतं तेव्हा

आता पुण्याकडे आणि एकोणिसाव्या शतकाकडे येऊ. १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत येऊ लागलं. त्या कामाला पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचाही हात लागला. (नंतर शंभरेक वर्षांनी गौरी देशपांडे यांनी अरेबियन नाइट्सचं सोळा खंडांचं भाषांतर केलं.) शहरजादीचा खेळ वेताळाच्या उलटा आहे. इथे ऐकणाऱ्या राजाला पुढचं ओळखता आलं तर सांगणारीचा जीव जाईल.

१८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा एक काळच होता. राजपुत्र, कारस्थानी दुर्जन, ताटातूट, अरण्य, योगायोग आणि शेवटी मिलन. माझ्या नोट्समध्ये या पुस्तकांचे अंदाज लिहायला निम्म्यापर्यंत जावंच लागलं नसतं. दहाव्या पानावर सगळं ओळखू येतं. नायिका कितीही संकटांत सापडो, तिचं पातिव्रत्य ढळणार नाही, आणि शेवटच्या पानावर सगळे जिवंत राहिलेले सज्जन एकत्र येणार.

त्यावर त्याच काळात टीकाही झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला आणि या अवास्तव लिखाणाची झडती घेतली. त्यांच्या निबंधाच्या नावात 'नावल' हा शब्द आहे. 'कादंबरी' अजून पुरती रुळायची होती.

पण रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत जे सांगितलं, ते मला टीकेपेक्षा जास्त विचार करायला लावतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आपल्याकडच्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक असे ना दुर्गुण सापडतात ना सद्गुण. रोजचा अनुभव लिहिला तर त्यात वाचकाला धरून ठेवण्यासारखं काही नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो.

ही सबब नाही. तो एका समाजाचा नेमका अहवाल आहे. आठव्या-नवव्या वर्षी लग्न ठरतं. कुणाशी, हे दुसरेच ठरवतात. मुलीनं पुढे कुठल्या घरात राहायचं, काय करायचं, नवरा मेला तर तिचं काय होणार, हे सगळं आधीच लिहिलेलं आहे. कुणी कुणाला निवडत नाही, त्यामुळे निवडीतून निर्माण होणारी गोष्टच नाही. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर इथे प्राप्त्याशा नावाची अवस्थाच येत नाही. आरंभ झाला की थेट नियताप्ती. ज्या आयुष्यांत पुढचं पान सगळ्यांना पाठ आहे, त्यांच्यावर कादंबरी कशी लिहायची, असं रिसबूड विचारत होते. प्रेमात पडणारी, वर निवडणारी, अरण्यातून एकटी चालणारी नायिका त्यांना फक्त अद्भुतातच ठेवता येत होती.

पुण्यातल्या वाचकांचा आठवडा

रिसबुडांच्या प्रश्नाचं उत्तर बावीस वर्षांनी पुण्यात मिळालं. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. यमूनं स्वतः सांगितलेली ती तिची कहाणी.

क्रमशः वाचणाऱ्याची अवस्था आपल्यापेक्षा फार वेगळी असते. माझ्या फोनला ठाऊक असतं की पुस्तक किती उरलं आहे, आणि ही फार मोठी खूण असते. नायक ५० टक्क्यांवर फासावर चढत असेल तर तो वाचणार, ९७ टक्क्यांवर चढत असेल तर काही सांगता येत नाही. 'करमणूक'च्या वाचकाला हा आकडा नव्हता. गोष्ट आणखी सहा अंक चालेल की दोन वर्षं, हे त्याला माहीत नव्हतं. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. वाचकापुढे फक्त हा अंक आणि पुढचा आठवडा.

पण यमूच्या बाबतीत हा आकडा नसून फरक पडत नव्हता. मुंबईत नवऱ्याबरोबरचे तिचे दिवस सुखाचे आहेत. रघुनाथराव तिला शिकवतो, तिच्याशी बोलतो. पुण्यातल्या ज्या वाचकानं आपल्या वाड्यात डोकं झाकून कोपऱ्यात बसलेली बाई पाहिली होती, त्याला हे सुख कुठे जाणार हे कळत होतं. नवरा मरतो. घरचे लोक यमूचं केशवपन करवतात. अंदाज बरोबर येतो आणि त्याचा आनंद होत नाही.

हरिभाऊंनी रिसबुडांचा प्रश्न उलटा केला असं मला वाटतं. ज्या आयुष्याचा शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो, त्यावर कादंबरी लिहिता येत नाही असं रिसबूड म्हणत होते. हरिभाऊंनी दाखवलं की शेवट सगळ्यांना माहीत असणं हीच ती कादंबरी. सगळ्यांना ठाऊक होतं. बापाला, भावाला, सासऱ्याला, शेजाऱ्याला. वेताळानं राजाला जे सांगितलं तसं कुणी वेळेवर येऊन सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात तलवार नव्हती. पुस्तकाच्या नावातला प्रश्न तिथून येतो. ही मालिका चालू असतानाच, १८९१ मध्ये, मुलींचं संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा झाला. त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं होतं, ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. एका बाजूला लोक 'पुढे काय होणार' म्हणून अंकाची वाट बघत होते, दुसऱ्या बाजूला पुढे काय व्हावं यावर सभांमध्ये भांडत होते. अनेकदा ती माणसंही एकच असणार.

अंदाजाबाहेरची बाई

'मुक्तामाला' १८६१ मध्ये छापली गेली, त्याच वर्षी काशीबाई कानिटकरांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. त्या दिवशी कुणी वेताळानं विचारलं असतं, की सांग, हिचं पुढे काय होणार, तर कुणालाही उत्तर देता आलं असतं आणि डोकं शाबूत राहिलं असतं.

नवऱ्याला, गोविंदराव कानिटकरांना, शिकलेली बायको हवी होती. घरातल्या बायकांचा विरोध होता. काशीबाई चोरून वाचायला शिकल्या. पुढे त्या लेखिका झाल्या. हरिभाऊ आपटे त्यांचे जवळचे मित्र, दोघांत लेखनाची देवघेव चालायची. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र काशीबाईंनी १८८९ मध्ये लिहिलं. आनंदीबाईंचंही लग्न नवव्या वर्षी झालं होतं, त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. एका अंदाजाबाहेरच्या बाईनं दुसरीची गोष्ट लिहिली, असं हे पुस्तक आहे.

आणि १९२८ मध्ये काशीबाईंची 'पालखीचा गोंडा' आली. राज्यकारभार एका स्त्रीच्या हाती आलेल्या काल्पनिक संस्थानाची ती गोष्ट. वास्तववादी कादंबरी मराठीत येऊन चांगली रुळली होती, तरी सदुसष्ट वर्षांच्या या बाईंनी पुन्हा अशा राज्याची वाट धरली जे नकाशावर नव्हतं. पण रिसबुडांच्या आणि त्यांच्या वाटेत फरक आहे. रिसबुडांना अद्भुत हवं होतं कारण खऱ्या आयुष्यात काही घडतच नव्हतं. काशीबाईंना ते हवं होतं ते काय घडू शकतं, हे दाखवायला. पहिल्या प्रकारच्या अद्भुतात जग जसंच्या तसं राहतं आणि फक्त हरवलेली माणसं भेटतात. दुसऱ्या प्रकारात जगाचे नियमच बदललेले असतात, आणि मग वाचकाचा अंदाज खरोखर पणाला लागतो. कारण आपण अंदाज करतो ते आपल्याला माहीत असलेल्या नियमांवरूनच.

म्हणून एखाद्या काळातल्या वाचकांचे अंदाज जपून ठेवलेले असते, तर मला ते कादंबऱ्यांइतकेच वाचायला आवडले असते. 'मंजुघोषा' अर्धी वाचून बाजूला ठेवणाऱ्या माणसाला पुढे काय होईल असं वाटत होतं? त्याच्या घरातल्या, चोरून ऐकणाऱ्या मुलीला काय वाटत होतं? दोघांचे अंदाज नक्कीच वेगळे असणार. तिला माहीत असलेले नियम वेगळे होते.

आज मी अठ्ठावीस वर्षांची आहे. घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत कुणीतरी मावशी किंवा काकू माझं पुढचं प्रकरण मला सांगून जाते: आता स्थळ, मग फ्लॅट, मग मूल, मग एकाची नोकरी सुटणार आणि ती कुणाची हे सांगायची गरजही नाही. त्यांच्यात दुष्टावा अजिबात नसतो. त्यांनी पाहिलेल्या बहुतेक गोष्टींत तसंच झालं आहे, त्यावरून बांधलेला तो साधा अंदाज असतो. कामावर आम्ही यालाच जुन्या डेटावर शिकवलेलं मॉडेल म्हणतो. जुनाच डेटा असेल, तर काशीबाई त्यात कधीच येत नाहीत. मी मावशीचं ऐकून घेते, हसते, आणि मनातल्या मनात वेताळाचे आभार मानते. शेवट आधी कळलेला बरा असतो. नमस्कार घालायला सांगितला की काय म्हणायचं, ते त्यामुळेच ठरवता येतं.